डासांचे दप्तर

ज्या डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीच्या पेशी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराने प्रथम पाहिल्या, त्या डासाचे नाव रॉसला ठाऊक नव्हते. त्याने आपल्यापुरते डासांचे तीन वर्ग पाडले होते : करडे, पट्टेदार आणि ठिपकेदार पंखांचे, आणि यांपैकी तिसऱ्या वर्गातील डास हुसेनखान नावाच्या एका रुग्णाला, दर चाव्यास एक आणा या दराने मोबदला देऊन, चावविल्यानंतर त्याच्या पदरी यश पडले. त्यापूर्वीची दोन वर्षे पहिल्या दोन वर्गांतील डासांची पोटे फाडण्यात खर्ची पडली होती. ज्या जातींत मनुष्याच्या हिवतापाचा परजीवी वाढूच शकत नाही त्या जातींत तो शोधण्याचा हा खटाटोप जितका कष्टाचा आणि प्रामाणिक, तितकाच निष्फळ होता, हे आज कोणाच्याही सहज ध्यानात येते. परंतु त्या काळी हिंदुस्थानात, डास समोर ठेवला असता तो कोणत्या कुळातील व कोणत्या जातीचा हे निश्चयाने सांगू शकेल असा ग्रंथ नव्हता, आणि रॉसच्या आवाक्यात तसा जाणकारही नव्हता.

पुढच्याच वर्षी रोम येथील प्राणिशास्त्रज्ञ बात्तिस्ता ग्रास्सी याने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने हाती घेतला. इटलीत डास कोठे नाहीत? परंतु हिवताप मात्र सर्वत्र नव्हता. तेव्हा रोगट मुलखात आढळणारे आणि निरोगी मुलखात न आढळणारे डास कोणते, याची छाननी केली म्हणजे गुन्हेगाराचा माग लागेल, असा सरळ तर्क लढवून त्याने गावोगावचे डास गोळा केले, जातवार वेगळे केले, आणि अखेर संशयाची सुई 'ॲनॉफिलिस' या एकाच प्रजातीवर येऊन ठरली. श्रेय कोणाचे, या विषयावर रॉस आणि ग्रास्सी यांच्यात पुढे जो कलह माजला त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉसला मिळाले आणि त्या बहुमानास तो सर्वथा पात्र होता. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, ज्या आधारावर ग्रास्सी अवघ्या काही महिन्यांत इष्टस्थळी पोहोचला तो आधार म्हणजे कीटकांच्या ओळखीचे एक जुने दप्तर होते, आणि ते दप्तर, हिवतापाशी डासाचा संबंध सिद्ध होण्याच्या ऐंशी वर्षे आधी एका निर्धन शिक्षकाने सिद्ध करून ठेवले होते.

या शिक्षकाचे नाव योहान विल्हेल्म मायगेन. त्याचा जन्म १७६४ साली जर्मनीतील झोलिंगेन येथे झाला आणि आयुष्याचा बहुतेक काळ आखेनजवळच्या श्टोलबेर्ग या लहानशा गावी शिकवण्या करण्यात गेला. विद्यापीठाची पदवी नाही, संस्थेचा आश्रय नाही, द्रव्याची तर सदैव चणचण; अशा स्थितीत या गृहस्थाने माश्या, डास, चिलटे यांसारख्या, ज्यांना हाकलण्यापलीकडे मनुष्याने कधी महत्त्व दिले नव्हते अशा, जीवांच्या अभ्यासास वाहून घेतले आणि भिंगाखाली त्यांचे पंख व स्पर्शिका न्याहाळून स्वहस्ते त्यांची चित्रे रेखाटली. युरोपातील द्विपंखी कीटकांचे पद्धतशीर वर्णन करणारा त्याचा ग्रंथ १८१८ ते १८३८ या वीस वर्षांत सात खंडांत प्रसिद्ध झाला. 'ॲनॉफिलिस' ही प्रजाती त्यातील पहिल्याच खंडात स्थापन झालेली आहे; आणि आनुवंशिकीच्या प्रयोगशाळांतून पुढे जगभर ख्याती पावलेली, पिकल्या फळांवर घोंगावणारी चिमुकली माशी 'ड्रॉसोफिला मेलानोगास्टर' हिलाही तिचे जातिनाम १८३० साली मायगेननेच दिले. वृद्धापकाळी त्याला आपला संग्रह आणि आपली चित्रे पॅरिसच्या संग्रहालयास विकावी लागली. १८४५ साली तो निवर्तला.

मायगेनच्या कामगिरीचे मोल कळावयाचे तर त्याच्यापूर्वीची स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. कीटकांना सामान्यतः पंखांच्या दोन जोड्या असतात. माशी व डास यांच्या वर्गात मात्र मागची जोडी लोपून तिच्या जागी बोंडासारखी दोन संतुलक इंद्रिये आलेली असतात, आणि ती छाटली तर माशीचा उडताना तोल सुटतो. या एका लक्षणावरून लिनीयसने १७५८ साली हा सर्व समुदाय एकत्र केला आणि त्याच्या दहा प्रजाती केल्या. जगातील यच्चयावत माश्या, डास, गोमाश्या आणि चिलटे दहा घरांत कोंबल्यावर जी दाटी व्हावयाची ती झाली. लिनीयसचा शिष्य फाब्रिसियस याने मुखावयवांवरून वर्गीकरण करण्याचा घाट घातला. तो तात्त्विकदृष्ट्या निर्दोष असला तरी दोन-तीन मिलिमीटरांच्या चिलटाचे तोंड उलगडून पाहणे हे त्या काळच्या भिंगांना आणि सामान्य मनुष्याच्या हातांना झेपणारे नव्हते. मायगेनने हा एकाच अवयवाचा हट्ट सोडला. स्पर्शिकांची घडण, पंखांतील शिरांचे जाळे, डोळ्यांचे अंतर, पायांवरील काटे, अशी जी लक्षणे बाहेरून दिसतात आणि जी वाळलेल्या नमुन्यातही टिकून राहतात, त्यांचा मेळ घालून त्याने प्रजाती ठरविल्या. आणि पंखांतील शिरा हा तर, जमिनीच्या मोजणीत सर्वे नंबराच्या हद्दी असाव्यात तसा, द्विपंखी कीटकांच्या ओळखीचा कायमचा दाखला होऊन बसला. त्याच्यानंतर ऑस्टेन-साकेन या रशियन मुत्सद्द्याने माशीच्या डोक्यावरील आणि पाठीवरील एकेका राठ केसाला स्थान आणि नाव दिले. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या या निबंधापासून माशीच्या अंगावरचे केस मोजणे हा शास्त्राचा भाग झाला.

लक्षणे गोळा होणे ही एक गोष्ट आणि ती लक्षणे अनोळखी मनुष्याच्या उपयोगी पडतील अशा क्रमाने लावणे ही दुसरी. या दुसऱ्या कलेचा उगम वनस्पतिशास्त्रात आहे. फ्रान्समधील वनस्पतींवर लामार्कने लिहिलेला त्रिखंडात्मक ग्रंथ १७७८ सालचा. तो विद्वानांच्या लॅटिनऐवजी लोकांच्या फ्रेंच भाषेत लिहिलेला होता, आणि त्यातील मुख्य नवलाई म्हणजे प्रत्येक पायरीला परस्परविरुद्ध अशी दोनच विधाने मांडणारी ओळखसारणी. समोरच्या रोपाला त्यांपैकी जे विधान लागू पडेल ते स्वीकारावे, त्याच्यापुढे दिलेल्या क्रमांकाकडे जावे, तेथे पुन्हा दोन विधाने असतील, त्यांतील एक निवडावे, आणि असे करीत शेवटी नावापाशी येऊन थांबावे. या योजनेत वाचकाला वनस्पतींचे खरे नातेगोते समजते असे नाही. किंबहुना लामार्कचा तो उद्देशही नव्हता. जाणकाराने वर्षानुवर्षांच्या सहवासाने जे कमावलेले असते आणि जे त्याला स्वतःलाही पुष्कळदा शब्दांत सांगता येत नाही, ते पायरीपायरीने फोडून, ज्याने तो जीव पूर्वी कधी पाहिला नाही अशाच्या हाती देणे, एवढाच या सारणीचा हेतू. आणि विसाव्या शतकात हिंदुस्थानसारख्या खंडप्राय देशात आरोग्यखात्याचा सारा डोलारा याच एका हेतूच्या सिद्धीवर उभा राहावयाचा होता.

रॉसच्या शोधानंतर डासांकडे पाहण्याची सरकारची दृष्टी एकाएकी पालटली. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन याच्या हुकुमाने ब्रिटिश साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून डासांचे नमुने लंडनच्या संग्रहालयाकडे रवाना होऊ लागले आणि फ्रेडरिक थिओबाल्ड याने त्यांवर १९०१ ते १९१० या काळात पाच खंडांचा महाग्रंथ रचला. हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेतील जाइल्स याचे डासांवरील पुस्तक त्याच्याही आधी, १९०० साली, बाहेर पडले होते. परंतु महाराष्ट्रीय वाचकाला अगत्य वाटावे असे प्रकरण घडले ते वऱ्हाडात. त्याच वैद्यकीय सेवेतील विल्यम ग्लेन लिस्टन हा तरुण अधिकारी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे असताना त्याने तेथील ॲनॉफिलिस डासांच्या राहणीचे वर्षभर निरीक्षण केले आणि आपले अनुभव १९०१ साली 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये प्रसिद्ध केले. या लेखात त्याने एका नव्या जातीचे वर्णन दिले आणि हिवतापाचा अभ्यासक जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफन्स याच्या सन्मानार्थ तिला 'ॲनॉफिलिस स्टेफेन्साय' असे नाव दिले. शहरी हिवतापाचा हा आद्य अपराधी शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला तो असा अचलपूरच्या नावाने. पुढे मुंबईत प्लेगच्या चौकशीत उंदरावरील पिसवेकडे बोट दाखविणारा लिस्टन तो हाच, आणि एस. पी. जेम्स या सहकाऱ्याबरोबर त्याने १९०४ साली हिंदुस्थानातील ॲनॉफिलिस डासांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या देशातील वैद्यांच्या हाती आलेला आपल्या विषयाचा पहिला भरवशाचा मार्गदर्शक होय. कारवारच्या नावावरून ओळखली जाणारी 'ॲनॉफिलिस करवारी' ही जातही जेम्सनेच त्या सुमारास प्रकाशात आणली.

सारणीने डास ओळखणे म्हणजे नेमके काय करणे, हे या स्टेफेन्सायच्याच उदाहरणाने पाहू. मेलेला डास सूक्ष्म टाचणीवर, पंख व पाय न झडतील अशा बेताने, टोचून भिंगाखाली धरला, की प्रथम त्याच्या स्पर्शिका पाहावयाच्या. त्या पिसाप्रमाणे झुपकेदार असल्या तर तो नर होय. विरळ केसांच्या असल्या तर मादी, आणि चावते ती मादीच. मग सोंडेच्या दोहो बाजूंस असलेले पॅल्प नावाचे अवयव तपासावयाचे : ते सोंडेच्या मानाने अगदीच आखूड असतील तर घरातला क्युलेक्स किंवा त्याचा भाऊबंद समजून नमुना बाजूला ठेवावा, सोंडेइतके लांब असतील तर ॲनॉफिलिस. त्यानंतर पंखाची पुढली कड : तीवर काळसर आणि फिकट खवल्यांचे आळीपाळीने आलेले ठिपके आहेत काय? असल्यास पायांकडे वळावे. मांडीवर व पोटरीवर फिकट ठिपक्यांची शिंपण आहे, परंतु मागल्या पायाचे अखेरचे सांधे पांढरेशुभ्र नाहीत, असे दिसले तर बऱ्याचशा जाती एका झटक्यात गळून पडतात. शेवटी पुन्हा पॅल्पकडे यावे. त्यांच्या टोकाकडे फिकट रंगाचे दोन रुंद पट्टे आणि मधल्या भागात तुरळक फिकट खवले आढळले, की ही स्टेफेन्सायची मादी असे लिहून मोकळे व्हावे. सरावलेल्या मनुष्यास या सर्वाला दोन मिनिटेही लागत नाहीत. परंतु पंखावरचे खवले बोटांच्या एका स्पर्शाने पुसून जातात, पावसाळ्यात नमुन्यावर बुरशी चढते, मुंग्या तर डबीत केव्हा शिरतात याचा पत्ता लागत नाही. आणि एक पाय गळालेला असला तर सारणीतील नेमक्या त्याच पायरीवर येऊन थबकावे लागते, हा या व्यवसायातील प्रत्येकाच्या परिचयाचा अनुभव.

या खवल्यांनी आरंभीच्या काळात आणखी एक घोटाळा उत्पन्न केला. खवल्यांचा आकार आणि त्यांची जागा यांवर थिओबाल्डची इतकी भिस्त होती की, त्यांतील लहानसहान फरकांवरून त्याने एका ॲनॉफिलिसच्या अनेक प्रजाती करून टाकल्या. परिणामी एकच डास एका अहवालात एका नावाने आणि दुसऱ्यात दुसऱ्याच नावाने वावरू लागला व दोन जिल्ह्यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहणे मुश्किल झाले. ही गुंतागुंत सोडविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्यांत एस. आर. क्रिस्टोफर्स हे नाव अग्रगण्य आहे. १९१५ च्या सुमारास नर डासाच्या जननेंद्रियांची घडण तपासून त्याने दाखवून दिले की, वरवर भिन्न दिसणारे हे डास मुळात थोड्याच गटांत बसतात. आणि इतरांच्या संशोधनाची जोड मिळाल्यावर थिओबाल्डच्या बहुतेक प्रजाती पुन्हा ॲनॉफिलिस या एका छत्राखाली आल्या. वैद्याला जे हवे असते ते बाहेरून दिसणारे चिन्ह, आणि शास्त्रज्ञाला जे हवे असते ते नात्याचा पुरावा. हे दोन्ही नेहमी एकाच अवयवात सापडतात असे नाही, हा धडा या प्रकरणाने घालून दिला.

दरम्यान नावांची निकड मुंबईच्या गल्लीबोळांत येऊन पोहोचली होती. शहरातील हिवतापाची कारणे शोधण्यासाठी नेमलेल्या सी. ए. बेंटले याने १९११ च्या आपल्या अहवालात असा निष्कर्ष काढला की, मुंबईत हा रोग पसरविणारा डास स्टेफेन्साय आहे आणि तो मुख्यत्वे घरोघरच्या विहिरींत निपजतो. गटारे आणि डबकी यांत आढळणाऱ्या इतर डासांवर खर्च करून रोग हटणार नाही. विहिरी बुजविल्या किंवा डासाला शिरकाव मिळणार नाही अशा झाकल्या पाहिजेत, अशी त्याची शिफारस होती. विहिरीच्या पाण्यावाचून धर्मकृत्ये अडतात या कारणास्तव पारशी आणि हिंदू घरमालकांनी हरकती घेतल्या, झाकणांवर आणि त्यांतील झडपांवर तडजोडी झाल्या, आणि पालिकेचे कर्मचारी शिडी घेऊन विहिरीविहिरींत अळ्या शोधू लागले. एका डासाचे नाव निश्चित होताच केवढ्या मोठ्या नगरीचा पाणीपुरवठा, धर्माचार आणि मालकीहक्क यांची पुनर्मांडणी करण्याची वेळ आली, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच आढळेल. उलट पक्षी असेही म्हणता येईल की, नाव चुकले असते तर हीच सारी मोडतोड निष्कारण झाली असती.

मध्यवर्ती सरकारने १९०९ मध्ये कसौली येथे स्थापन केलेल्या मलेरिया ब्युरोचे १९२७ साली 'मलेरिया सर्व्हे ऑफ इंडिया' या संस्थेत रूपांतर झाले, आणि डासांच्या सारण्या ही तेथील रोजची हत्यारे बनली. पुरी या हिंदी कीटकतज्ज्ञाने १९३१ साली ॲनॉफिलिसच्या अळ्यांवर विस्तृत ग्रंथ लिहून, अळीच्या कपाळावरचे दोन केस जवळजवळ आहेत की दूर, साधे आहेत की फांद्यांचे, असल्या लक्षणांवरून डास उडण्यापूर्वीच त्याची जात ओळखण्याची सोय केली. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्राणिसृष्टीवरील सरकारी ग्रंथमालेत १९३३ साली क्रिस्टोफर्सचा ॲनॉफिलिसवरील खंड निघाला आणि लगेच १९३४ साली बॅरॉडचा उरलेल्या डासांवरील खंड. याच मालेत द्विपंखी कीटकांचे पहिले तीन खंड ब्रुनेट्टी याने लिहिले होते. हा गृहस्थ पेशाने संगीतकार, आणि माश्यांच्या नादाने कलकत्त्याच्या संग्रहालयात रमलेला. क्रिस्टोफर्सला १०४ वर्षांचे आयुष्य लाभले. त्याच्या खंडाने तर पुढच्या कित्येक पिढ्यांच्या डासपारख्यांना शिकविले.

परंतु हे जाडजूड खंड फार थोड्यांच्या हाती जात. कामाच्या माणसाच्या हाती जात असे ती त्यांतून वेचून काढलेली, चार-दोन पृष्ठांची, चित्रांसह छापलेली त्याच्या टापूपुरती सारणी. मुंबई इलाख्यात डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली १९४६ पासून कानडा व धारवाड या जिल्ह्यांत डी.डी.टी.ची फवारणी सुरू झाली आणि १९५३ साली देशव्यापी हिवताप नियंत्रण योजना अस्तित्वात आली, तेव्हा या कागदांना खरा बहर आला. कीटकसंग्राहक म्हणून नेमलेला मनुष्य पहाटे गावात शिरे, एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात तोंडाने हवा ओढून डास पकडण्याची काचनळी घेऊन गोठ्यात, ओसरीवर, कुडाच्या भिंतींच्या सांदीत आणि टांगलेल्या कपड्यांच्या मागे डास हुडके, आणि तासाभरात किती मिळाले याची नोंद वहीत करी. मग तळावर परतल्यावर खरा प्रश्न उभा राही : ह्यात 'क्युलिसिफेसीज' किती आणि 'फ्लूव्हिॲटिलिस' किती? पहिला सपाटीच्या शेतीमुलखातील, दुसरा डोंगराळ झऱ्यांचा. दोघेही लहान, काळसर, वरवर पाहता एकाच साच्यातले. सारणी सांगे, पंखातील तिसरी शीर पाहा : ती बहुतांशी काळ्या खवल्यांची असेल तर क्युलिसिफेसीज, बहुतांशी फिकट असेल तर फ्लूव्हिॲटिलिस. केसाहून बारीक अशा त्या रेषेच्या रंगावरून अहवाल लिहिला जाई, आणि अहवालावरून कोणत्या टापूत फवारणीची टोळी केव्हा धाडावयाची याची तजवीज होई. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या कित्येकांनी या एका रेषेवर इतके प्रभुत्व मिळविले की, साहेबी अंमलदारांनी त्यांच्याकडून शंका फेडून घ्याव्यात.

सर्वच द्विपंखी कीटक इतके सरळ वागत नाहीत. वाळूमाशी ही डासाच्याही निम्म्याने लहान, अंगभर केसाळ, पंख उंच धरून बसणारी आणि उडण्यापेक्षा टुणटुण उड्या घेणारी. तिच्या जाती बाहेरून इतक्या सारख्या की रंग आणि शिरा यांच्या बळावर निवाडा करणे अशक्यप्राय; म्हणून तिला दाहक पोटॅशच्या द्रावणात शिजवून पारदर्शक करावे लागते आणि काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या घशातील दातांची रांग आणि मादीच्या पोटातील शुक्राशयाची घडण पाहावी लागते. हिंदुस्थानातील वाळूमाश्यांचा हा अंतरंगाचा हिशेब ज्यांनी मांडला त्यांत जॉन सिंटन अग्रणी होय. १९१६ साली मेसोपोटेमियाच्या रणांगणावर जखमी असतानाही शुश्रूषा करीत राहिल्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारा आणि पुढे रॉयल सोसायटीचा सदस्य झालेला हा डॉक्टर, मलेरिया सर्व्हेचा संचालकही होता. काळा आजार आणि 'फ्लेबोटोमस आर्जेंटिपस' ही वाळूमाशी यांचा प्रदेश एकच आहे, हे जातवार नकाशे ताडून त्याने १९२४-२५ च्या सुमारास निदर्शनास आणले. त्यानंतर पुराव्याची साखळी पुरी होण्यास बरीच वर्षे लागली, कारण रक्त प्यायलेली माशी अंडी घातल्यावर मरून जाई. अखेर तिला मनुकांवर जगविण्याची युक्ती सापडली आणि १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तींवरील प्रयोगांनी ती गोष्ट सिद्ध केली. महाराष्ट्रातही या चिमुकल्या माशीने पुढे आपले अस्तित्व जाणवून दिले : १९६५ साली नागपूरनजीकच्या चांदीपुरा येथील रुग्णांत सापडलेला विषाणू नंतर औरंगाबादकडील वाळूमाश्यांतही आढळून आला.

येथवरचा इतिहास वाचून असे वाटण्याचा संभव आहे की, लक्षणांची संख्या वाढवीत नेली आणि भिंगे सुधारली म्हणजे सारणी बिनचूक होऊन जाईल. परंतु सारणीचा सर्वांत मोठा पराभव तिच्याच मायदेशी झाला. ग्रास्सीने ज्याला दोषी ठरविले तो 'ॲनॉफिलिस मॅक्युलिपेनिस' युरोपात अशा कित्येक ठिकाणी विपुल सापडू लागला की जेथे हिवतापाचे नाव नव्हते; आणि प्रौढ डास कितीही बारकाईने तपासला तरी रोगट मुलखातील व निरोगी मुलखातील डासांत फरक दिसेना. हे कोडे उकलले ते डोमेनिको फालेरोनी या इटालियन आरोग्यखात्यातील निरीक्षकाने. माद्या वेगवेगळ्या ठेवून, प्रत्येकीने घातलेली अंडी पाहून १९२६ साली त्याने दाखविले की, अंड्यांच्या पृष्ठावरील नक्षी निरनिराळी आहे आणि एका मादीच्या अंड्यांत ती सदैव सारखी असते. एका नावाखाली अनेक जाती नांदत होत्या. आपल्याकडे स्वीट आणि राव यांनी १९३७ साली स्टेफेन्सायच्या अंड्यांवरील तरंगकांच्या कड्या मोजून, १४ ते २२ कड्यांचा एक आणि ९ ते १५ कड्यांचा दुसरा असे दोन वाण वेगळे केले; आणि १९८० साली ग्रीन व माइल्स यांनी रंगसूत्रांवरील पट्ट्यांच्या आधारे क्युलिसिफेसीजमध्ये दोन भिन्न जाती असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे त्या पाच ठरल्या. यांपैकी एकीचा हिवताप पसरविण्यात नगण्य भाग आहे असे जेव्हा आढळले, तेव्हा तिसऱ्या शिरेचा काळा रंग पाहून भरलेल्या असंख्य वह्यांतील कोणती नोंद कोणत्या जातीची, हे सांगण्याचा मार्ग उरलेला नव्हता.

अंड्यांची नक्षी आणि रंगसूत्रांचे पट्टे ज्याच्या ध्यानात येत नाहीत तो जाणकार दोषी म्हणता येत नाही. परंतु सारणीचा आणखी एक स्वभाव असा आहे की, तिच्याविषयी सावध राहणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्यच ठरते : ती प्रत्येक प्रश्नाला उत्तर देते. यादीत नसलेला जीव तिच्यापुढे ठेवला तरी प्रत्येक पायरीला दोन विधानांतील एक त्याला कमीअधिक लागू पडतेच, आणि अखेर त्याच्या पदरी कोणाचे तरी नाव येते. अचलपूरच्या स्टेफेन्सायनेच याचा प्रत्यय आणून दिला. मूळचा दक्षिण आशिया, इराण आणि अरबस्तान येथील हा डास २०१२ साली आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील जिबूती येथे आढळला, आणि २०१६ मध्ये इथिओपियात. आफ्रिकेत सर्वत्र प्रमाण मानल्या गेलेल्या ॲनॉफिलिसच्या सारण्यांत त्याला जागाच नव्हती. पायांवर ठिपके पाहून तो तेथल्या 'गॅम्बिए' समूहातील समजला जाण्याचा धोका होता. गॅम्बिएचे मुख्य आश्रयस्थान पावसाची डबकी, तर स्टेफेन्सायचे शहरातील टाक्या आणि हौद. त्यामुळे चुकीच्या नावाने चुकीच्या जागी उपाय होण्याची भीती ही नुसती कल्पना नव्हती. जिबूतीत २०१२ साली हिवतापाचे अवघे २७ रोगी नोंदले गेले होते, ते २०२० साली ७३,००० च्या वर गेले. त्याच वर्षी आफ्रिकेतील ॲनॉफिलिस माद्यांची नवी सारणी प्रसिद्ध झाली आणि तीत या परक्या डासाला रीतसर स्थान मिळाले.

आता पाय किंवा पंख यांचा तुकडादेखील पुरतो; त्यातील आनुवंशिक द्रव्याच्या अक्षरक्रमावरून प्रयोगशाळा जात सांगते, आणि ज्या फरकांसाठी फालेरोनीला अंड्यांची वाट पाहावी लागली ते काही तासांत कळतात. तरीही खेड्यात पकडलेल्या हजारो डासांतील कोणते प्रयोगशाळेकडे धाडावयाचे, हे भिंग आणि सारणी घेऊन बसलेला मनुष्यच ठरवितो. तेव्हा त्याच्या शिक्षणात ज्या एका गोष्टीवर सर्वांत अधिक भर द्यावयास हवा ती म्हणजे, सारणीच्या शेवटी आलेले नाव मूळ वर्णनाशी ताडून पाहण्याची आणि ते न जुळल्यास नमुना नाव न देता, पण स्थळ, दिनांक व संशयाचे कारण लिहून, जपून ठेवण्याची सवय. हिशेब तपासला तर असे दिसते की, थिओबाल्डच्या खवल्यांपासून क्युलिसिफेसीजच्या रंगसूत्रांपर्यंत या दप्तरात झालेली प्रत्येक दुरुस्ती, कोणीतरी हातातला कीटक आणि पुस्तकातली ओळ यांचे पटत नाही असे पाहून कीटकाच्या बाजूने कौल दिला, म्हणूनच झालेली आहे.